कचऱ्यातून वाचलेला आवाज

कलावंत गेल्यावर त्याच्या आवाजाचा धनी कोण? कंपनी, वारस, की तो आवाज कचऱ्यातून वाचवणारा माणूस? अमेरिकेतील गायक-गीतकार हँक विल्यम्स याच्या बाबतीत हा प्रश्न थेट न्यायालयात गेला.

हँक 1923 साली अलाबामात जन्मला आणि 1 जानेवारी 1953 रोजी कार्यक्रमाला जाताना मोटारीतच मरण पावला. वय अवघे 29. ध्वनिमुद्रणाची कारकीर्द जेमतेम सहा वर्षांची. त्याचे संगीत ‘हाँकी-टाँक’ म्हणून ओळखले जाते. दारूचे गुत्ते आणि नाचाचे अड्डे यांच्या गोंगाटात ते वाढले. साथीला फिडल आणि स्टील गिटार. विषय मोडलेली प्रीती, दारू आणि एकटेपणा.

1951 साली नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम आकाशवाणी केंद्रावर पिठाच्या एका कंपनीसाठी तो सकाळी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करीत असे. दौऱ्यावर असताना खंड पडू नये म्हणून काही कार्यक्रम आधीच तबकड्यांवर मुद्रित केले जात. पुढे 1970 नंतरच्या दशकात केंद्राने त्या तबकड्या कचऱ्यात काढल्या. केंद्राचे छायाचित्रकार लेस लेव्हरेट यांनी त्या उचलून जपल्या. मग हक्कांवरून वाद झाला. 2006 साली टेनेसीच्या अपील न्यायालयाने हँकच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला आणि 2008 पासून ही गाणी रसिकांपर्यंत पोहोचू लागली.

निकाल योग्यच आहे, असे मला वाटते. तथापि एक गोष्ट मनाला टोचते. हक्क सांगायला सगळे आले. जपण्याची वेळ होती तेव्हा मात्र एक नोकरदार माणूसच पुढे झाला. कायदा मालकी ठरवतो, कळकळ ठरवीत नाही.

काहीजण म्हणतील, जे कलावंताने स्वतः रेकॉर्ड म्हणून बाजारात आणले नाही, ते आपण का ऐकावे? हा आक्षेप मला येथे पटत नाही. हे कार्यक्रम म्हणजे कुणाची खासगी पत्रे नव्हेत. ते लोकांनी ऐकावेत म्हणूनच तो गात होता. शिवाय त्यांत रेकॉर्डवर न सापडणारा हँक भेटतो. तो भजने गातो, दुसऱ्यांची गाणी गातो, निवेदकाशी थट्टा करतो आणि मध्येच पीठ विकतो. ही पिठाची जाहिरात कापून टाकू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. पोटासाठी पीठ विकणारा आणि काळीज पिळवटणारे गाणे गाणारा माणूस एकच होता. जाहिरात कापली की मागे देव्हाऱ्यातली मूर्ती उरते, माणूस उरत नाही.

मात्र याला एक मर्यादा हवी. 2011 साली हँकच्या वह्यांतील अपुऱ्या गीतांना बॉब डिलन आदी मंडळींनी चाली लावून एक संग्रह काढला. त्यांचा हेतू आदराचा असेल. पण अपुरे गीत अपुरे ठेवण्याचाही कवीला अधिकार असतो. मेलेला कवी ‘थांबा, अजून झाले नाही’ असे सांगायला येत नाही. त्याने गायलेले जपावे. त्याने न गायलेले त्याच्या नावावर गाऊ नये.

मित्रहो, एका छायाचित्रकाराने हा विवेक न्यायालयाच्या कितीतरी आधी दाखवला. त्याने त्या आवाजात काही घातले नाही, काही काढले नाही. फक्त तो फेकू दिला नाही. वारसा जपणे याहून वेगळे काय असते?