गोकर्ण रोड आणि आमचा दानधर्म

ज्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द लागतो, ते स्थानक त्या गावात नसते. गावाकडे जाणाऱ्या वाटेवर असते. राजापूर रोड, वैभववाडी रोड, मूकांबिका रोड बैंदूर, आणि आमच्या यात्रेकरूंच्या नित्य परिचयाचे गोकर्ण रोड. या नावांत रेल्वेने काही लपविलेले नाही. तुझे क्षेत्र येथून पुढे आहे, असे ती उतारूला प्रामाणिकपणे सांगते. गोकर्णाच्या बाबतीत हे ‘पुढे’ म्हणजे ८-१० किलोमीटर. या अंतराविषयी आम्हांस आज चार कटू शब्द लिहावयाचे आहेत, आणि ते रेल्वेला उद्देशून नाहीत.

रेल्वेने श्रीमहाबळेश्वराला वळसा घातला, ही आमच्या मंडळींची लाडकी तक्रार आहे. ती करणाऱ्यांनी एकदा नकाशा उघडावा. गोकर्णाच्या उत्तरेस गंगावळी आणि दक्षिणेस अघनाशिनी समुद्राला मिळते. मुखाशी या नद्यांच्या विस्तीर्ण खाड्या होतात. त्या ओलांडावयाच्या तर लोहमार्गाला आत सरकणेच प्राप्त होते. शिवाय ताशी १६० किलोमीटर वेगाचा हिशेब धरून आखलेला हा मार्ग. त्याला आखूड वळण चालत नाही आणि १५० फुटांत एका फुटाहून अधिक चढ नको असतो. असा मार्ग प्रत्येक देवळाच्या महाद्वाराशी वाकत जाणार नाही. १९९८ साली तो रोह्यापासून मंगळूरपर्यंत अखंड सुरू झाला आणि मुंबईच्या कुळाव्याला गोकर्ण एका रात्रीच्या प्रवासावर आले. इतके दुसऱ्याने केले. उरलेले ८-१० किलोमीटर कोणाचे?

आम्ही स्वतः एकदा तेथे अवेळी उतरलो. आमच्याबरोबर एक वृद्ध दांपत्य होते. आजोबांच्या हाती तांब्याचा कलश, त्याला लाल वस्त्र बांधलेले. तो त्यांनी जमिनीवर ठेवला नाही, बाकावरही ठेवला नाही. बाहेर एकच रिक्षा होती. तिचे भाडे ऐकून आजी गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “उजाडल्यावर जाऊं.” रिक्षावाल्यास आम्ही दोष देत नाही. अवेळी त्याला परतीचा उतारू मिळत नाही, म्हणून तो दोन्ही खेपांचे पैसे एकाकडून घेतो. त्या वेळी जागा राहून यात्रेकरूची वाट पाहणारा तो एकटाच होता, हे आम्हां धार्मिक म्हणविणाऱ्यांस अधिक लाजिरवाणे आहे. आम्ही तिघांनी मिळून भाडे दिले. आम्ही तेथे नसतो तर तो कलश आजोबांच्या हाती पहाटेपर्यंत राहिला असता.

आता आमच्या दानाकडे पाहावे. कोठे पालखीला चांदीचा पत्रा चढतो, कोठे कळसाला सोन्याचा मुलामा होतो, आणि दात्यांच्या नावांचा संगमरवर देवळाच्या भिंतीवर जागा पुरेनाशी होईपर्यंत बसतो. हे करू नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले आणि भक्तगण परागंदा होऊन दूरदूर पांगला, त्या परंपरेतल्या माणसांनी देवळाभोवती अग्रशाळा बांधल्या त्या कशासाठी? दुरून येणारा कुळावी रात्री कोठे पाठ टेकील, याची काळजी ते पूजेइतकीच वाहत होते. इंदूरच्या वाचकांस तर आम्ही काय सांगावे! महेश्वरी बसून अहिल्याबाईंनी साऱ्या देशात देवळांबरोबर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. यात्रेकरू देवापर्यंत पोहोचण्याआधी तहानेने व्याकूळ होतो, हे त्या जाणत होत्या. आमच्या समित्यांना देवळाच्या पायरीअलीकडची यात्रा दिसतच नाही.

यावर दोन उत्तरे येतात. पहिले, हे सरकारचे काम आहे. अग्रशाळाही मग सरकारनेच बांधावयाच्या होत्या काय? दुसरे उत्तर अधिक सोवळे आहे : यात्रेला कष्ट हवेतच. व्रत म्हणून जो पायी चालतो त्याचे कष्ट त्याचे स्वतःचे. आम्ही त्यास वंदन करतो. पण पंचाहत्तरीच्या विधवेवर आमच्या निष्काळजीपणाने लादलेले कष्ट तिच्या पुण्यात जमा होतात, हे कोणत्या शास्त्रात आहे? आणि हे सांगणारे गृहस्थ स्वतः मोटारीने थेट कोटितीर्थापर्यंत जातात, हेही आम्ही पाहिले आहे.

गाड्यांना अधिक थांबे मिळावेत म्हणून अर्ज होतात, जरूर व्हावेत. तथापि थांबा मिळाला तरी उतारू फलाटावरच उतरणार. म्हणून आमची मागणी देवस्थानांकडे आहे. गोव्यातील व कारवार-कुमठ्याकडील चार-पाच देवस्थानांनी मिळून एक लहान बस ठेवावी. ती थांबणाऱ्या प्रत्येक गाडीला हजर असावी, विशेषतः रात्रीच्या व पहाटेच्या. हा मार्ग येथे एकेरी. गाडी क्रॉसिंगला खोळंबते, दोन-दोन तास उशीर होतो. मग बसनेही दोन तास थांबावे. रिक्षाला ते परवडत नाही. दानाला परवडले पाहिजे. ज्याला शक्य त्याने भाडे द्यावे, ज्याला नाही त्यास कोणी विचारू नये.

बसवर दात्यांची नावे रंगवावयाची असल्यास खुशाल रंगवावीत. फक्त ‘गोकर्ण’ ही अक्षरे त्यांहून मोठी, देवनागरी व कन्नड दोन्ही लिपींत, आणि अंधारात फलाटावरून म्हाताऱ्या डोळ्यांस वाचता येतील अशी असावीत.