थर्ड शिफ्टचा उन्हाळा

माझा धाकटा भाऊ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. थर्ड शिफ्ट असली की सकाळी साडेसातला कंपनीची बस त्याला मुकाई चौकात सोडते. गेल्या मे महिन्यात तो घरी यायचा, पोटभर पोहे खायचा, मोबाइल बघत बसायचा आणि दहाच्या पुढे आडवा व्हायचा. बारा-साडेबाराला उठून बसलेला असायचा, बनियन घामाने चिकटलेलं. "झोप झाली का रे?" विचारलं तर म्हणायचा, "झोप कुठली ताई, पडून होतो."

आमच्या रावेतची उन्हाळ्यातली रात्र तशी बरी असते. दिवस कितीही तापला तरी कलत्या उन्हाबरोबर घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटतो. पवनेच्या काठाने फिरायला जाणाऱ्यांना तो आधी कळतो. पहाटे तर चादर ओढावीशी वाटते. उन्हाळ्यातल्या झोपेबद्दल जे काही सांगितलं जातं, ते सगळं या रात्रीबद्दल असतं. पण पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात हजारो माणसांची रात्र सकाळी आठला सुरू होते. तो वारा त्यांच्या वाट्याला येतो तेव्हा ती मशीनवर उभी असतात.

झोप लागायची तर शरीराला आतून थोडं थंड व्हावं लागतं, साधारण एका अंशाने. हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता तिथून बाहेर पडते. उकाड्यात पाय आपोआप चादरीबाहेर जातात ते त्यामुळेच. पहाटे चार-पाचला शरीराचं हे आतलं तापमान सगळ्यांत खाली असतं, मग चढू लागतं. म्हणजे भाऊ आडवा होतो तेव्हा त्याचं शरीर उठायच्या तयारीला लागलेलं असतं, आणि बाहेर ऊनही चढत असतं. 2022 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 68 देशांतल्या 47,000 हून अधिक लोकांच्या मनगटावरच्या पट्ट्यांवरून त्यांची झोप मोजली होती. रात्रीचं तापमान 30 अंशांच्या वर गेलं की माणशी सरासरी 14 मिनिटांहून थोडी जास्त झोप कमी होते, असं त्यात निघालं. मे महिन्यात सकाळी अकराला आमच्याकडे 30 अंश म्हणजे गारवा वाटावा.

आम्हाला वाट सापडली ती स्लॅबमुळे. आमचा मजला शेवटचा. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि काही तासांनी ते खोलीत सोडतं, म्हणून संध्याकाळी छताखाली उभं राहवत नाही. पण रात्रभरात तोच स्लॅब निवतो. सकाळी आठला हात लावला तर गार. हे तीन-चार तासच काय ते हाताशी असतात, आणि नेमके तेच भाऊ पोह्यांत आणि मोबाइलमध्ये घालवत होता. वाग्भटाने अष्टांगहृदयात रात्री जागलेल्याला सांगून ठेवलंय, की जेवढं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळीच, न जेवता झोपावं. आणि दिवसा झोपायला एरवी नाही म्हणणारे चरकाचार्य ग्रीष्मात मात्र मुभा देतात, कारण रात्री लहान झालेल्या असतात. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. जागणाऱ्या माणसाची काळजी तेव्हाही कुणी केली होती.

आता भाऊ बसमधून गॉगल लावूनच येतो, कारण सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीर दिवस धरून चालतं. आला की एक पेला ताक, साध्या पाण्याने अंघोळ, आणि सव्वाआठला दार बंद. बर्फाच्या पाण्याचा हट्ट मी सोडायला लावला. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि उष्णता आतच अडकते. खोलीही बदलली. पूर्वेची मुलांना दिली, पश्चिमेची त्याला, तिथे दुपारपर्यंत ऊन येत नाही. कूलर लावतो, पण समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवून, नाहीतर ओल खोलीतच साठते आणि घाम वाळत नाही. वळीव पडून गेला की कूलरचा जोर संपतो, हेही खरं. बेलचं बटण काढून टाकलं. सोसायटीच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागितल्या: दुपारी दोनच्या आधी ड्रिल नको, आणि गच्चीला पांढरा रंग. पहिली लगेच मान्य झाली. मला कळलं की आमच्या एकाच विंगमध्ये थर्ड शिफ्टवाले सात जण आहेत.

पण भावासोबत काम करणारे दोघे चाकणला पत्र्याच्या खोलीत राहतात. चौघांत दोन गाद्या. एक कामावर गेला की दुसरा त्याच गादीवर. काँक्रीट निदान काही तासांची सवलत देतं. पत्रा ऊन पडताक्षणी तापतो, नऊ वाजता खोलीची भट्टी झालेली असते. अशा झोपेवर माणूस पुन्हा रात्री प्रेसवर हात घालतो, हे आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो. पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले तरी ऊन बरंच परत फिरतं, आणि चुन्याला खर्च तो किती?

खोलीमालकाने होकार दिलाय. येत्या गुरुवारी भाऊ चुना आणि ब्रश घेऊन जाणार आहे. शिडी आमच्या सोसायटीची.