पडवीतले जनित्र

मृग नक्षत्राला अजून थोडा अवकाश आहे. पण वळवाची एखादी सर वाऱ्यासह येऊन गेली, माडाची झावळी किंवा आंब्याची फांदी तारांवर पडली, की पुढच्या चार महिन्यांत काय वाढून ठेवले आहे याची कल्पना गोमंतकीय गृहस्थाला येते. ऐन तिन्हीसांजेला दिवे जातात. क्षणभर सारा वाडा स्तब्ध होतो आणि मग कुठल्यातरी घराच्या पाठीमागून फटफट सुरू होते. एकेकाळी अशा वेळी कंदिलाची काच पुसली जात असे. घरात मंगलकार्य असले तर पेट्रोमॅक्सला हवा भरली जाई. आज त्यांची जागा जनित्राने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या जनरेटरने घेतली आहे.

ही चैन आहे असे म्हणण्याइतके आम्ही जुन्या काळात रमलेले नाही. २०२१ च्या मे महिन्यात, १५ आणि १६ तारखेला, तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले तेव्हा शेकडो विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावांना दिवसामागून दिवस विजेवाचून काढावे लागले. विहिरीत पाणी होते. पण रहाट कधीच मोडीत निघालेला आणि पंप तर बंद. मोबाईल मुके झाले. ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे त्या घरातील माणसे फ्रिजमधील इन्शुलिनच्या काळजीत पडली. ते दिवस अनुभवल्यावर कुणी पदरमोड करून एक लहानसे जनित्र घरी आणले असेल, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार निदान सावलीत बसून लेख लिहिणाऱ्यांना नाही.

आमची तक्रार निराळी आहे. हे यंत्र टेम्पोतून घरी येते. सोबत आलेला माणूस त्यात तेल ओततो, दोरी ओढून ते सुरू करून दाखवतो, पैसे मोजून घेतो आणि निघून जातो. यंत्रात निर्माण झालेली वीज घरात कशी न्यावयाची, हा ज्याच्या त्याच्या अकलेचा प्रश्न म्हणून सोडून दिला जातो. मग घरातील एखादा हुशार भाचा पुढे सरसावतो. दोन्ही टोकांना पिना बसवलेली एक वायर तो तयार करतो, एक टोक जनित्रात आणि दुसरे भिंतीवरच्या मोठ्या सॉकेटमध्ये खुपसतो, आणि सारे घर उजळून निघते. भाच्याचे कौतुक होते. त्या क्षणी त्या घराने किती मोठी जोखीम पत्करली आहे, याची जाणीव त्या उजेडात बसलेल्या कुणालाही नसते.

या वायरचे एक टोक निसटून हातात आले तर त्याच्या उघड्या पिनांत जिवंत वीज असते, हा झाला घरातला धोका. घराबाहेरचा त्याहून मोठा आहे. मुख्य स्विच बंद करावयाचा राहून गेला, आणि अंधारात, घाईत, पावसात तो राहून जातोच, तर जनित्राची वीज मीटरमधून उलट्या वाटेने बाहेर पडते, खांबावर चढते आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचते. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. अकरा हजार व्होल्टची वीज उतरवून तो आपल्याला २३० व्होल्टने देतो. पलीकडून २३० व्होल्ट आले तर ते चढवून तो हजारो व्होल्ट करतो. जो लाइनमन फीडर बंद करून, तार मृत आहे अशा समजुतीने भर पावसात खांबावर चढला आहे, त्याच्यापर्यंत हा प्रवाह पोचू शकतो.

यावर एक युक्तिवाद आम्ही वारंवार ऐकला आहे. एवढेसे यंत्र सगळ्या वाड्याचा भार कसा ओढणार, ते आपोआपच बंद पडेल, असे सांगण्यात येते. तार अखंड असेल तर बहुधा तसेच घडेल. पण वादळात तार अखंड राहत नाही. फांदी पडून ती मधेच तुटलेली असते आणि तुटलेल्या तुकड्यावर कदाचित तेच एक घर जोडलेले उरते. अशा तुकड्यात वीज खेळती ठेवण्यास लहान जनित्र पुरेसे आहे. आणि माणसाचे हृदय थांबवावयास अँपिअरचा अगदी लहानसा अंश पुरतो. लाइनमन कामावर असताना दगावल्याच्या बातम्या या राज्याला नव्या नाहीत. त्या प्रत्येकीमागे कुणाच्या तरी पडवीतले जनित्र होते असा आरोप आम्ही करीत नाही. काम सुरू करण्यापूर्वी तार तपासून ती दोन्ही बाजूंनी जमिनीशी जोडणे हे लाइनमनचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी लागणारी साधने व हातमोजे त्याच्या हाती देणे हे वीज खात्याचे. परंतु त्यांच्या हातून चूक झाली तर तिची शिक्षा मृत्यूची ठरावी अशी व्यवस्था आपण आपल्या घरात करून ठेवायची काय?

शिवाय यात स्वार्थही आहे. गेलेली वीज अवचित परत येते. तेव्हा मुख्य स्विच चालू असला, तर खांबावरची वीज आणि जनित्राची वीज एकमेकींवर आदळतात. दोन्हींची लय जुळलेली नसते. जनित्राची वेटोळी जळतात, कधी वायरी पेट घेतात, आणि ज्याच्या रक्षणासाठी हा सारा खटाटोप केला तो टीव्हीही त्यात जातो.

यावरचा उपाय जुना, साधा आणि खात्रीचा आहे. चेंजओव्हर स्विच नावाची एक पेटी मीटरनंतर बसवावी लागते. तिची मूठ एका बाजूला केली की घर खांबावरच्या विजेवर, दुसऱ्या बाजूला केली की जनित्रावर, मध्ये ठेवली की कशावरच नाही. दोन्हीकडे एकाच वेळी जोडणे त्या मुठीला शक्यच नसते. माणसाचे विस्मरण तेथे निरुपद्रवी होते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारीच पेटी घ्यावी आणि ती परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावी. घरातील गळती ओळखून वीज तोडणारा ईएलसीबी जनित्रावर असताना नेहमीसारखा काम करीलच असे नाही, कारण बऱ्याच लहान जनित्रांचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो. तोही बंदोबस्त त्याच वेळी वायरमनने पाहून द्यावयाचा असतो. ज्यांना एवढे करावयाचे नाही, त्यांनी घरच्या वायरिंगला हात न लावता जाड एक्स्टेंशन वायरने फ्रिज किंवा टीव्ही थेट जनित्राला जोडावा. ती वायर मात्र गुंडाळी पूर्ण सोडून वापरावी. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते.

आता धुराकडे वळू. हा दुसरा मारेकरी आवाज करीत नाही. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, झापड येते. दिवसभराच्या दगदगीचा शीण म्हणून माणूस आडवा होतो आणि पुन्हा उठत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात लॉरा नावाचे चक्रीवादळ आले. वादळातून सुखरूप वाचलेली किमान आठ माणसे त्यानंतर जनित्राच्या धुराने गेली. ज्या देशात प्रत्येक यंत्रावर धोक्याची सूचना छापलेली असते, तेथील ही कथा आहे.

आपल्याकडे पाऊस हेच या अपघाताचे मूळ ठरण्याचा संभव आहे. यंत्र भिजू नये म्हणून ते पडवीत येते, पडवीत झोत येतो म्हणून आतल्या खोलीत सरकते, आणि आवाज होतो म्हणून दार लोटले जाते. आमच्या कौलारू घरांना वाऱ्याची वाट आहे, असे जुनी माणसे म्हणतात. कौलांच्या फटींतून धूर जाईल यावर आम्ही तरी कुणाचे प्राण पणाला लावणार नाही. आणि आता त्या कौलांखाली सिलिंग आले आहे, खिडक्यांना सरकत्या काचा आल्या आहेत. खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. जनित्र घराच्या दारा-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर, धुराचे तोंड घराच्या उलट बाजूला करून ठेवले पाहिजे. पावसासाठी चार खांबांवर एक पत्रा टाकावा, चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. शेजाऱ्याची निजावयाची खोली त्या वीस फुटांत येत नाही ना, हेही पाहावे. बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइडचे सूचक यंत्र मिळते, ते झोपण्याच्या खोलीत टांगावे. सदनिकेच्या गॅलरीत मात्र जनित्र चालवूच नये. तेथे सुरक्षित जागा नाही, आणि ती नाही हे मान्य करण्यातच शहाणपण आहे.

राहता राहिली उपकरणे, ज्यांच्या मायेपोटी हे यंत्र घरात आले. लहान जनित्र हा वीज खात्याचा धाकटा भाऊ नव्हे. त्याचे इंजिन मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेते तेव्हा पन्नास आवर्तनांची वीज मिळते. भार अचानक वाढला की फेरे मंदावतात, भार सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळते. एक अश्वशक्तीचा पंप चालू असताना सुमारे किलोवॅटभर वीज घेतो, पण सुरू होताना त्याची भूक कित्येक पट असते. फ्रिजचेही तसेच. म्हणून पंप आणि टीव्ही-संगणक एकाच वेळी चालवू नयेत. आधी टाकी भरून घ्यावी, मग बाकीचे. एक केव्हीएचे जनित्र म्हणजे साधारणतः आठशे वॅट. त्यात चार पंखे, दिवे, टीव्ही आणि राऊटर आरामात बसतात. गीझर आणि इस्त्री बसत नाहीत. यंत्र सुरू करून ते मिनिटभर स्थिरावू द्यावे, मग एकेक उपकरण लावावे. बंद करताना उलट क्रम. पेट्रोल संपून यंत्र आचके देत बंद पडणे उपकरणांना बाधते. आणि ते संपल्यावर तापलेल्या टाकीत मेणबत्तीच्या उजेडात पेट्रोल ओतणारे महाभागही आहेत. संगणक हेच मुख्य प्रयोजन असेल, तर आतल्या आत वीज एकदिश करून पुन्हा शुद्ध लहरीत देणारे इन्व्हर्टर जातीचे जनित्र महाग असले तरी घ्यावे. आणि मोबाईल, राऊटर व दोन दिवे एवढीच गरज असेल त्याने या फंदात न पडता बॅटरीवरचा साधा इन्व्हर्टर घेऊन स्वस्थ बसावे, असे आमचे मत आहे. मात्र त्याचीही जोडणी जाणकाराकडूनच हवी.

मोठ्या जनित्रसंचांना विद्युत निरीक्षकाच्या तपासणीची चाळणी असते. दोघांनी उचलून न्यावयाचे हे लहान यंत्र त्या चाळणीतून सहज निसटते, आणि तेच आज घरोघर पोचले आहे. प्रत्येक घराची झडती घ्यावी असे कुणी म्हणणार नाही. पण विकणाऱ्या दुकानांची संख्या मोजता येण्याजोगी आहे. चेंजओव्हर स्विच आणि तो बसवल्याचा वायरमनचा दाखला यांच्यावाचून जनित्र विकावयाचे नाही, अशी अट सरकार घालू शकते. जत्रेतल्या नाटकासाठी जनित्र भाड्याने देणाऱ्यांनाही ती लागू करावी. मंडपाच्या कनातीआड, मुले निजलेली असतात तेथेच, ते धूर ओकत असलेले आम्ही पाहिले आहे. ज्यांच्या घरी यंत्र आधीच आहे त्यांनी आपण होऊन वीज खात्याच्या स्थानिक कार्यालयात तशी नोंद करावी, आणि खात्याने दंडाची भाषा न करता ती घ्यावी. कोणत्या खांबावरच्या कोणत्या घरात जनित्र आहे, ही यादी चढण्यापूर्वी लाइनमनच्या खिशात असली पाहिजे. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याची मोहीम खाते काढतेच. त्याच फेरीत ही यादीही करून घेता येईल, आणि यंदाची फेरी अजून संपावयाची आहे.