मुखवटेवाला मास्तर

पैसे घेऊन शिव्या खाणारी माणसे नाटकसिनेमात पुष्कळ सापडतात. पण परक्या मुलखात जाऊन तिथल्या लोकांच्या ओल्या जखमेवर मीठ चोळायचे, त्याचे मानधन घ्यायचे आणि पुढे त्याच मुलखाच्या सरकारकडून पदक स्वीकारायचे, ही किमया करणारा एकच गृहस्थ मला ठाऊक आहे. त्याचे नाव रिचर्ड बायर. जपानात मात्र त्याला या नावाने फारसे कोणी ओळखीत नसे. तिकडे तो 'डिस्ट्रॉयर', संहारकर्ता!

आपल्याकडे जिला 'फ्रीस्टाइल' म्हणतात, ती ही कुस्ती. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या झुंजी वडीलधाऱ्यांनी पाहिलेल्या असतील, नाहीतर निदान ऐकलेल्या तरी. लाल मातीतल्या आमच्या जुन्या पैलवानांना ही दोऱ्यांच्या चौकोनातली कुस्ती कधी पटली नाही. माझा नातू तर तोंडावर विचारतो, "आजोबा, हे सगळं आधी ठरलेलं असतं ना?" असते, बाळा. निकाल ठरलेलाच असतो. पण उंचावरून पाठीवर आपटणे काही खोटे नसते, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येणारे पाणीही खोटे नसते. जपानात हे पाणी कसे आले, ते ऐका.

1945 साली जपान हरला. अमेरिकेचा अंमल 1952 च्या एप्रिलात संपला. 1953 साली तिथे दूरदर्शन सुरू झाले. पण घरी संच घेण्याची ऐपत कितीशा लोकांची? तेव्हा चौकाचौकांत संच मांडले गेले. 1954 च्या फेब्रुवारीत टोकियोच्या कुरामाए सभागृहात शार्प बंधू नावाचे दोन धिप्पाड गोरे मल्ल उतरले, आणि त्यांच्यासमोर रिकिदोझान व ज्यूदोतला नामांकित किमुरा यांची जोडी. रिकिदोझानच्या हाताचा फटका गोऱ्याच्या छातीवर बसला की रस्त्यातली गर्दी बेभान होई. नऊ वर्षांपूर्वीच्या पराभवाचे उट्टे निघाल्यासारखे त्या लोकांना वाटत होते. गंमत अशी की, हे शार्प बंधू अमेरिकन नव्हतेच मुळी; ते कॅनडाचे. पण गर्दीला गोरा पडलेला हवा होता, आणि तो पडत होता.

म्हणजे परदेशी मल्लाचे काम काय, तर दुष्टपणा करावा, घामाघूम करावे आणि शेवटी पडावे. आपला किंगकाँगही 1955 साली तिथे जाऊन रिकिदोझानकडून हरून आला. अशा पाहुण्यांच्या रांगेत 1963 साली बायर दाखल झाला.

हा गडी मोठा मजेचा. जन्म 1930 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. सिरॅक्यूज विद्यापीठात फुटबॉल खेळला, शिक्षणशास्त्रातली वरची पदवीही घेतली. शाळेत मास्तर व्हायचा, तो कुस्तीत शिरला. 1962 साली लॉस एंजलिसच्या कुस्तीचालकांनी त्याला मुखवटा चढवायला लावले. पहिला मुखवटा लोकरीचा. त्याने तोंडाला खाज सुटली. मग बायका कंबर आवळायला जे ताणणारे वस्त्र वापरतात, त्याच्या कापडाचा मुखवटा त्याने करून घेतला. तो चेहऱ्यावर असा चपखल बसला की पुढची तीस वर्षे निघाला नाही. हजारो लोकांना ज्याची धडकी भरे, तो मुखवटा मुळात बायकांच्या कपड्यांतला होता, हे मला फार आवडते.

24 मे 1963 रोजी टोकियोत त्याची आणि रिकिदोझानची गाठ पडली. बायरचा हुकमी डाव म्हणजे प्रतिस्पर्ध्याला उताणा पाडून त्याच्या पायांत आपले पाय असे गुंतवायचे की इंग्रजी चारचा आकडा तयार व्हावा. त्या रात्री दोघांचे पाय असे अडकले की सुटता सुटेनात, आणि झुंज बरोबरीत सोडवावी लागली. टोकियोच्या परिसरातल्या दर शंभर संचांपैकी 64 संचांवर हा सामना चालू होता. जपानी दूरदर्शनच्या इतिहासात एवढा प्रेक्षक क्वचितच जमला आहे.

आता जरा त्या चौकोनाकडे नीट पाहा. एकाच्या तोंडावर पांढरा मुखवटा, दुसऱ्याचा चेहरा उघडा. पण तो उघड्या चेहऱ्याचा रिकिदोझान, अवघ्या जपानचा मानबिंदू, जन्माने कोरियन होता. आज ज्याला उत्तर कोरिया म्हणतात तिथला. कोवळ्या वयात सुमो कुस्तीसाठी तो जपानात आला, आणि आपण नागासाकीकडचे, असे सांगत राहिला. तेव्हा कोरियन माणसाला जपानात काय मान मिळे, हे ठाऊक असल्यावर त्याला दोष देववत नाही. त्याच्या हयातीत सामान्य प्रेक्षकाला याचा पत्ता नव्हता. बायरच्या मुखवट्याच्या निदान नाड्या तरी दिसत होत्या.

त्याच वर्षी 8 डिसेंबरला टोकियोतल्या एका रात्रीच्या क्लबात रिकिदोझानला सुरा लागला आणि 15 तारखेला तो गेला. वय अवघे एकोणचाळीस.

बायर जपानला येतजात राहिला. रिकिदोझानचा चेला, दोन मीटरहून उंच असा बाबा (हे नाव हो, आपले बाबा नव्हेत!) याने 1972 साली स्वतःची संस्था काढली. त्याच वर्षी बायरने पैज लावली, 'हरलो तर तुझ्या बाजूने लढेन.' हरला, आणि 1973 पासून खरोखरच जपान्यांच्या बाजूने उभा राहिला. बायकामुलांसह टोकियोत बिऱ्हाड केले आणि 1979 पर्यंत राहिला. दूरदर्शनच्या एका विनोदी कार्यक्रमात आकिको वादा या गायिकेबरोबर तो मुखवट्यासकट वेडेचाळे करी, मोडकेतोडके जपानी बोले आणि विनोदी नटांना तोच चारच्या आकड्याचा पेच घाली. ज्यांचे आईबाप त्याच्या नावाने बोटे मोडीत होते, ती पोरे त्याला पाहून खिदळत होती. दहा वर्षांत एवढा पालट! मला वाटते, हा माणूस येऊन परत गेला असता तर हे घडले नसते. तो राहिला, म्हणून घडले.

1993 साली टोकियोत त्याने शेवटची कुस्ती केली. मागे, न्यूयॉर्क राज्यातल्या अॅक्रन गावी तो शाळेत व्यायामशिक्षक होता, पोरांना पोहायला शिकवी. म्हणजे शेवटी मास्तर झालाच! तिकडच्या पोरांना कुस्त्यांसाठी जपानला नेई. उन्हाळ्यात टोकियोच्या अझाबु-जुबान पेठेतल्या जत्रेला हजेरी लावी. 2017 साली जपान सरकारने त्याला 'उगवत्या सूर्या'चे पदक दिले. 7 मार्च 2019 रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो अॅक्रनला वारला. जपानी वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती 'डिस्ट्रॉयर' गेल्याची.