श्रेयनामावली आपोआप, पण कोणाची?

गेल्या महिन्यात मंडळात ठरलं, की ई-अंकाच्या वेबसाइटवरची श्रेयनामावली यापुढे हाताने लिहायची नाही. साइटवरचा प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदला जातो. 'गिट शॉर्टलॉग' म्हटलं की कोणी किती बदल केले ते लगेच समोर. त्यावरून एक छोटी स्क्रिप्ट 'ह्यूमन्स.टीएक्सटी' ही फाइल तयार करते. रोबोट्स.टीएक्सटी सर्च इंजिनांसाठी असते, तशी ही माणसांसाठी: साइट कोणी घडवली ते सांगणारी. मला कल्पना आवडली. हाताने केलेल्या यादीत कोणीतरी राहतंच, आणि मग दोन आठवडे रुसवेफुगवे.

पहिली यादी आली तेव्हा मी दुसरीही होते आणि सातवीही. एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये, कारण निर्मलच्या घरच्या लॅपटॉपवर माझं नाव वेगळं टाकलेलं. हे सोपं आहे. 'मेलमॅप' फाइलमध्ये दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं लिहिलं की झालं. पण मी इतकी वर कशी? तर दुसऱ्यांचे लेख मी चढवले म्हणून! तेलुगू कथेचा अनुवाद करणारी मैत्रीण यादीत नव्हती. प्रिंटआउटवर लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा ज्युनिअरही नव्हता. त्यांनी गिट कधी उघडलंच नाही.

आपण साहित्य शिकणारे लोक. वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश उघडून बघा. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, आणि मूळ लेखन इंग्रजीत असेल तर त्या नावापुढे 'इं.' आणि मराठी करणाऱ्याच्या नावापुढे 'म.'. दोन अक्षरांत अनुवादकाचा मान राखला. उलट आमच्या घरी निर्मलचा लाकडी पोपट आहे. निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे गावाचं नाव सुरक्षित. पोपट कोणी रंगवला, ते त्याच्याखाली कुठेच नाही. लहानपणी मी उलटा करून बघितलंय.

म्हणून स्क्रिप्ट बंद करा असं मी म्हणत नाही. लेख चढवणाऱ्याने कमिटच्या संदेशाखाली 'को-ऑथर्ड-बाय' अशी ओळ टाकायची आणि लेखक, अनुवादक, तपासणारा, सगळ्यांची नावं द्यायची. स्क्रिप्टला त्या ओळी वाचायला सांगता येतात. आणि ते आकडे काढून टाका, प्लीज. एक स्वल्पविराम बदलला तरी एक, अख्खी कथा मराठीत आणली तरी एक, हा कसला हिशेब? ज्यांना नाव नको असेल त्यांना आधी विचारावं, हेही आलंच.

यावर एकाने म्हटलं, "मग ते परत हातानेच झालं की!" झालं. एका लेखामागे दोन-तीन ओळी.

पुढच्या अंकाचे लेख चढवण्याआधी हे ठरवू या. नंतर कोणी काय तपासलं ते कोणालाच आठवत नाही.