फावला वेळ : टेबलावरची असई



दिवाळी जवळ आली की मंडळातली मुले आम्हाला गाठून एकच प्रश्न विचारतात, "काका, यंदा किल्ला कुठला?" इथल्या अंगणात किल्ला करणे म्हणजे पंचाईतच. संध्याकाळी थापलेला बुरूज रात्रीच्या पावसात बसतो आणि पेरलेले अळीव उगवले न उगवले तोच गोगलगायी फस्त करतात. म्हणून गेली काही वर्षे मंडळाचा किल्ला हॉलमध्ये टेबलावरच असतो. यंदा मात्र आम्ही किल्ल्याऐवजी एक अख्खे रणांगण करायला घेतले आहे. त्याचीच हकीकत या वेळी सांगतो.

या देशात इतिहासातल्या लढाया टेबलावर मांडून खेळण्याचा छंद जुना आहे. त्याचे मूळ प्रशियात. तिथे फॉन राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ साली नकाशावर सोंगट्या मांडून लढाईचा सराव करण्याची पद्धत सैन्यापुढे ठेवली. १९१३ साली एच. जी. वेल्स या लेखकाने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून तोच खेळ घरच्या जमिनीवर आणला. आज इथे गावोगावी असे खेळणाऱ्यांचे क्लब आहेत. अशाच एका क्लबात आम्ही गेलो होतो. वॉटर्लूची लढाई मांडलेली होती. ती पाहताना मनात आले की वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी हाच वेलस्ली आपल्या जालना जिल्ह्यात लढला होता. ती लढाई का मांडू नये?

असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हातारपणीही तो आपल्या लढायांत असईचा मान फार वरचा मानत असे. आमच्या मुलांना शाळेत वेलिंग्टन भेटतो तो वॉटर्लूचा. असईचे नाव एकानेही ऐकलेले नव्हते.

आता हिशेब. बाहुल्या साधारण सहा मिलिमीटर उंचीच्या घेतल्या, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठ्या नाहीत. "एवढ्याशा कशाला? नाक-डोळेसुद्धा दिसत नाहीत," असे पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर आकड्यांत आहे. एक बाहुली म्हणजे वीस माणसे धरली, तर प्रत्यक्ष लढलेल्या वेलस्लीच्या सुमारे साडेचार हजार माणसांना सव्वादोनशे बाहुल्या लागतात आणि शिंद्यांच्या कवायती पायदळाला पाचशेच्या वर. घोडदळ तर त्याहून कितीतरी अधिक, पण त्यातले बरेचसे लढाईत उतरलेच नाही, म्हणून ते निम्म्याहून कमी मांडले. बोटभर उंचीचे शिपाई घेतले असते तर हॉल पुरला नसता. मंडळाचे टेबल १८० बाय १२० सेंटिमीटरचे आहे. एक मिलिमीटर म्हणजे दोन मीटर धरले की त्यावर ३.६ बाय २.४ किलोमीटर जमीन मावते. या मापात घरे आणि माणसे जमिनीच्या मानाने मोठी दिसतात, म्हणून चार घरे ठेवून त्यांना गाव म्हणायचे.

जमीन कशी केली ते सांगतो, म्हणजे घरीही करता येईल. घरबांधणीच्या सामानाच्या दुकानात भिंतीत घालायचा निळा किंवा गुलाबी फोमचा बोर्ड मिळतो, तो घ्यावा. पांढऱ्या थर्मोकोलचे दाणे सुटतात, या बोर्डाचे सुटत नाहीत. धारदार सुरीने नदीचे पात्र कोरावे. मुलांच्या हाती सुरी देऊ नये. पांढरा लाकडाचा गोंद आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि गोंद थेंबाथेंबाने उभा न राहता मातीत मुरतो. माती म्हणून आम्ही गाळलेल्या चहाचा चोथा वापरला. मऱ्हाठवाड्यातल्या काळ्या जमिनीचा रंग त्याच्याइतका कशालाच येत नाही. मात्र तो ओव्हनमध्ये खडखडीत वाळवून घ्यावा, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. उभ्या पिकासाठी काथ्याच्या जुन्या पायपुसण्याचे तुकडे कापले. नदीच्या पाण्याला तपकिरी रंग देऊन वर चकचकीत व्हार्निशचे दोन हात दिले. पहिल्या खेपेस आम्ही सगळीकडे दुकानातले हिरवे गवत पसरले होते. एका आजोबांनी पाहून विचारले, "हे औरंगाबादेकडचे रान आहे की यॉर्कशायरचे?" ते सगळे खरवडून काढावे लागले.

आता फजिती. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने करू नये ती चूक आम्ही केली. घाई होती म्हणून फोमवर थेट डब्यातला स्प्रे मारला. स्प्रेतल्या द्रावकात पॉलिस्टायरीन विरघळते, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवू शकतो. डोळ्यांदेखत जुई नदीचा अख्खा काठ आत बसला आणि मुले पोट धरून हसली. तेव्हा आधी पाण्यातल्या रंगाचा जाड हात, तो वाळला की मगच स्प्रे, तोही उघड्यावर. आणखी एक गोष्ट. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना चांगलेच तापते, त्यात हात बुडवून ठसे घेण्याचा खेळ करू नये, भाजते. बाहुल्या धातूच्या असतील तर जुन्यांत शिसे असू शकते. रंगवून झाल्यावर हात धुतल्याशिवाय चिवड्याला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे.

गेल्या दोन रविवारी मुलांसह रंगीत तालीम केली. लढाईचे मर्म जमिनीत आहे आणि ते टेबलावर लगेच दिसते. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत शिंद्यांची फौज केळणेच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभी. वेलस्ली नदीच्या पलीकडे. वाटाड्यांनी त्याला सांगितले की जवळपास उतार नाही. पण त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. एक पिंपळगाव आणि दुसऱ्याचे नाव इंग्रजी कागदांत वारूर असे आले आहे. आम्ही मुलांना विचारले, "यावरून काय कळते?" सगळे गप्प. मग बारा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "या गावातली माणसे त्या गावात जात असणार ना? मग पाण्यातून वाट असणार." वेलस्लीने नेमका हाच तर्क केला आणि तिथूनच तो नदी उतरला.

इथवर मुलांना वाटत होते की आपले लोक गाफील राहिले म्हणून हरले. पुढचे मांडल्यावर तेही गप्प झाले. शत्रू बाजूने येतो असे दिसताच शिंद्यांच्या पलटणींनी, हॅनोव्हरच्या पोलमन नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, सबंध फळी वळवून दोन नद्यांच्या मध्ये नवी फळी धरली. हे इतक्या शिस्तीने होईल अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. तोफखान्याने इंग्रजांच्या तोफा आणि त्या ओढणारे बैल पहिल्याच माऱ्यात निकामी केले. गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. फळी अंगावरून पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडलेले काही जण उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून मारा केला. उजव्या बाजूला इंग्रजांची एक तुकडी हुकूम चुकून थेट असई गावातल्या तोफांसमोर गेली, तिच्यामागून ७४ वी हायलँडर पलटण गेली आणि तिची दाणादाण उडाली.

हुकूम चुकणे हे खेळात आणायला आम्ही जुनी प्रशियन रीत वापरतो. प्रत्येक मुलाने हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, पंचाने तो वाचायचा आणि जसा कळेल तसा अमलात आणायचा. एका मुलाने लिहिले, "उजवीकडून पुढे जा." गावापासून लांब राहा, हे लिहायचे राहिले. त्याची पलटण गावात शिरून संपली. तो रडवेला होऊन म्हणाला, "पण मला तसे म्हणायचे नव्हते." त्या दिवशी त्या अधिकाऱ्यालाही तसे म्हणता आले नसेल.

मंडळातल्या एका काकूंनी मात्र आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "सणासुदीला पोरांसमोर पराभव कशाला मांडता? महाराजांचा किल्ला करा की." त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेलेले नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांना अभिमान वाटावे असे काही हवेच. पण त्याच दुपारी एक प्रसंग घडला, तो सांगतो.

मंडळातल्या एका मुलाची आई तमिळ आहे. वेलस्लीकडचे शिपाई रंगवताना त्याने विचारले, "काका, हे मद्रासचे आहेत ना? मग आईकडचे लोक इंग्रजांच्या बाजूला होते?" आम्ही सांगितले की त्या पलटणी मद्रास इलाख्याच्या होत्या, पगारावर लढत होत्या. लगेच दुसऱ्याने टेबलाच्या कडेची, केळणेच्या दक्षिणेला ठेवलेली टोळी उचलली. "आणि हे कोण?" ते पेशव्यांचे मराठी स्वार. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते, त्यामुळे त्यांचे स्वार आणि म्हैसूरचे स्वार वेलस्लीबरोबर आले होते. मुले एकमेकांकडे पाहू लागली. "मग आपण कुठल्या बाजूला?" आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "दोन्ही बाजूंना आपल्यासारखी माणसे होती. आधी सगळे मांडू या, मग बोलू."

खेळ संपल्यावर पडलेल्या बाहुल्या बर्फीच्या रिकाम्या खोक्यात भरल्या. वेलस्लीचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर, म्हणजे लढलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा. आपल्या मापात ऐंशीच्या आसपास बाहुल्या. शिंद्यांकडचे मेलेले वेलस्लीच्याच अंदाजाने बाराशे, म्हणजे साठ बाहुल्या, जखमी वेगळेच. शिवाय ९८ तोफा गेल्या. एका बाहुलीमागे वीस घरे हे मुलांनी स्वतःच मोजले. खोके बंद करताना कोणी ओरडले नाही.

दुसऱ्या रविवारी मुलांनी विचारले, "लढाई बदलता येते का?" येते, खेळच आहे. सगळ्यांना वाटले जास्त तोफा लागतील. त्या बारा वर्षांच्या मुलीने शिंद्यांची बाजू मागून घेतली आणि फक्त दोन पलटणी व चार तोफा पिंपळगावच्या उतारासमोर नेऊन ठेवल्या. वेलस्लीचा खेळाडू तासभर नदी उतरू शकला नाही. काकू तोवर जवळ येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "एवढेसे कोणाला सुचले नाही?" मुलगी म्हणाली, "त्यांना वाटले तिथे उतार नाही. आपण वरून बघतोय, म्हणून कळते." काकूंनी खुर्ची ओढली आणि खेळ संपेपर्यंत बसल्या. दिवाळीच्या दिवशी शेजारच्या टेबलावर छोटासा राजगडही करायचे ठरले आहे, त्याची जबाबदारी काकूंनी घेतली आहे.

संमेलनाच्या दिवशी जेवणानंतर असईची लढाई मांडू. चिठ्ठीवर हुकूम लिहायला मोठ्यांनीही यावे. मराठी लिहिता येत नसलेल्या मुलांना आईवडिलांनी मदत करावी, हुकूम मराठीतच लिहायचा आहे. चहाचा चोथा अजून हवा आहे, कृपया वाळवून आणावा. राजगडासाठी अळीव पेरायला कोणाकडे उबदार खिडकी असेल तर कळवावे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.