पन्नास सालचा कागद

परवा कान्हे स्टेशनवर लोकलची वाट बघत होते. शेजारी कातकरी वस्तीतली मावशी, पाटीत खेकडे. नातवाच्या जातीच्या दाखल्याचं विचारलं तर म्हणाली, "परत कागद मागत्यात ताई. पन्नास सालचा."

आपल्याकडे अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तेव्हा हिचे आजेसासरे कोळशाच्या भट्टीवर. आज या रानात, उद्या त्या. भट्टीवाला काय सातबारा देतो? त्याआधी ही माणसं खैराचा कात पाडायची, म्हणून कातकरी. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव केली आणि तो धंदाही सुटत गेला. आजही मावशीच्या झोपडीखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. गंमत बघा, महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींच्या सरकारी यादीत कोलाम, माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरीही आहेत. जमात मान्य, माणूस नाही!

लेकीच्या कायद्याच्या पुस्तकात मी वंशसंहाराचा १९४८ चा आंतरराष्ट्रीय करार वाचला. मला वाटायचं, वंशसंहार म्हणजे कत्तलच. पण एखादा समाज नष्ट व्हावा अशी जगण्याची परिस्थिती जाणूनबुजून लादणं, हेही त्यात मोडतं. भाषा, संस्कृती पुसून टाकण्याचा मुद्दा मसुद्यात होता, तो मात्र गाळला गेला.

कातकऱ्यांचं कुणी असं ठरवून केलं, असं मी म्हणणार नाही. तो शब्द उगाच वापरू नये. पण कुणीच काही ठरवलं नाही आणि तरीही एका जमातीचं रान, धंदा, घराखालची जागा सगळं गेलं, त्याला कायद्यात काय नाव आहे? २००७ साली संयुक्त राष्ट्रांत मूलनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने मत दिलं खरं, पण आपल्या सरकारचं म्हणणं, इथले सगळेच मूलनिवासी. म्हणजे मीसुद्धा आणि मावशीसुद्धा!

आपल्याच २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली जबानी पुरावा म्हणून चालते. मग दाखल्यालाही ती तितक्याच मोकळेपणाने का चालू नये? हे आपण बायकांनी ग्रामसभेत उठून विचारायला हवं.

मावशीच्या वस्तीत ऐंशी ओलांडलेले एक आजोबा आहेत. भट्टीवरचं लहानपण त्यांना लख्ख आठवतं. पुढच्या खेपेला त्यांनाच घेऊन जाणार आहोत. पायऱ्या चढवतील का, एवढीच मावशीला काळजी.